मातीला बोलावणं नसतं

सीनेचं पाणी उतरून दोन महिने झाले होते. माढा तालुक्यात नदीकाठी माझ्या आतेभावाचं रान आहे. डिसेंबरातल्या त्या रविवारी तिथे उभी राहिले, तर पायाखाली माती नव्हती. पिवळा मुरूम, गोटे आणि कुणाच्या तरी शेतातून वाहत येऊन बाभळीला अडकलेला ठिबकच्या नळ्यांचा गुंता. लहानपणी मे महिन्यात याच रानात आम्ही अनवाणी पळायचो आणि भेगांत पाय अडकायचे, इतकी काळी, खोल जमीन होती ती. सरकारी कागदात तिला आता 'खरडून गेलेली जमीन' म्हणतात. दादा म्हणतो, "रान सोललं."

विहीर दाखवायला नेलं त्यानं. काठापासून हातभर खाली नुसता गाळ, आणि मधोमध एरंडाचं एक रोप उगवलेलं.

तिथेच बसून त्यानं मोबाइल काढला. 'दितवा' चक्रीवादळ २८ नोव्हेंबर २०२५ ला श्रीलंकेवर आदळलं होतं आणि भारतानं 'ऑपरेशन सागर बंधू' सुरू केलं होतं. नौदलाची जहाजं, एनडीआरएफचे म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, लष्कराचं फिरतं रुग्णालय, वाहून गेलेल्या रस्त्यांवर टाकायला सुटे भाग जोडून उभारायचे बेली पूल. तो एकेक फोटो पुढं सरकवत होता.

"तू लोकांचा टॅक्स भरतीस नव्हं?" तो म्हणाला. "मग सांग की. आमचं रान गेलं, त्याचं पुरतं अजून हातात न्हाई. अन् आपल्याच पैशाची जहाजं तिकडं लंकेला. कुणाला विचारून?"

मला उत्तर देता आलं नाही. जे सुचत होतं ते सगळं पुस्तकी होतं, आणि त्या विहिरीच्या काठावर बसून पुस्तकी बोलण्याची मला लाज वाटली. त्यानंतर कितीतरी दिवस मी तो प्रश्न डोक्यात घेऊन फिरते आहे. हे लिहिणं त्यासाठीच.

मी सोलापुरात पूर्व भागात टॉवेल-चादरीच्या लहान कारखानदारांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. महिन्याची ११ आणि २० या दोन तारखांभोवती माझं आयुष्य फिरतं. २२ सप्टेंबर २०२५ हा दिवस म्हणूनच मला नीट आठवतो. त्या दिवशी घरोघरी घट बसले, आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. सकाळपासून फोन वाजत होते, ताई या मालाला आता किती टक्के, जुन्या बिलांचं काय करायचं. त्याच गडबडीत आत्याचा फोन लागायचा बंद झाला. वरून पाऊस, वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी, आणि सीना पात्र सोडून शिवारात शिरलेली. पुढं लांबोटीजवळ महामार्गच बंद झाला, म्हणजे आम्हाला जाताही येईना. आत्या ७८ वर्षांची. तिला एनडीआरएफच्या पोरांनी नारिंगी जॅकेट घालून रबरी बोटीतून बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज ऐकला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पोरं परमुलखातली होती गं, आपली भाषा न्हवती. पर उचलून घेतलं मला."

तेव्हा दादाचा राग खोटा नाही. राज्य सरकारनं ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाख रोजगार हमीतून. आकडा मोठा आहे. पण आकडा आणि माणूस यांच्यामध्ये पंचनामा असतो, ई-केवायसी असते, बँकेच्या खात्यातली नावातली एक वेलांटी असते. दादाची विहीर पंचनाम्यात लिहायची राहून गेली होती. अशा माणसाच्या डोळ्यांसमोर परक्या देशाच्या मदतीचा फोटो आला, की त्याला तो आपल्या ताटातून उचललेला घास वाटतो. मलाही वाटला असता.

तरीही हिशोब हे माझं काम आहे, म्हणून आधी हिशोबाचं सांगते. २०२५-२६ चा केंद्राचा अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा. त्यात सगळ्या परराष्ट्र मंत्रालयाला मिळून २०,५१६ कोटी. म्हणजे शंभर रुपयांतले चाळीस पैसे. आणि या चाळीस पैशांत जगभरच्या वकिलाती आल्या, पासपोर्ट कचेऱ्या आल्या, एकट्या भूतानला द्यायचे २,१५० कोटी आले. परदेशातल्या भूकंपाला, पुराला पाठवलेले तंबू, औषधं आणि धान्य या चाळीस पैशांतल्या किती बारक्या तुकड्यात बसतात, ते ज्याचं त्यानं पाहावं. देशातल्या आपत्तीचा निधी वेगळ्या खात्यात असतो. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीला १,६०,१५३ कोटी ठरवून दिले, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यातले तीन हिस्से केंद्राचे, एक राज्याचा. १ सप्टेंबरला अफगाणिस्तानातल्या भूकंपासाठी १,००० तंबू काबूलला गेले, ते काही या पेटीतून काढले नव्हते.

पण असं म्हणून प्रश्न सुटत नाही, हे मलाही कळतं. खाती माणसंच पाडतात. आणि करदाता म्हटलं की लोकांना प्राप्तिकर भरणारा नोकरदार आठवतो, तेही चूक. आमच्या शेजारच्या अक्का दिवसभर उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. साबणाच्या वडीवर, डोक्याच्या तेलावर त्या इतकी वर्षं शेकडा १८ भरत आल्या, आता ५ भरतात. त्यांच्या नावावर कुठलं विवरणपत्र नाही, पण लंकेला गेलेल्या जहाजात त्यांचाही पैसा आहे. ज्याच्याकडे द्यायला फारसं नाहीच, त्याच्याकडून न विचारता घेऊन परक्याला द्यावं का, हा खरा प्रश्न. दादाचा 'कुणाला विचारून' तो हाच.

इथे मला १९९३ आठवतं.

मी दहा वर्षांची होते. २९ सप्टेंबरला विसर्जनाची मिरवणूक झाली होती, लेझीम खेळून थकलेली पोरं मेल्यासारखी झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास फळीवरची भांडी एकदम खाली आली. आई मला उचलून गल्लीत धावली. सगळी गल्ली बाहेर, कुणाच्या कपाळाला अजून गुलाल होता. आमच्या भिंतीला एक चीर गेली, बाकी काही नाही. भूकंप झाला ते लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. दुपारपर्यंत सिव्हिल हॉस्पिटलकडे गाड्या यायला लागल्या, आणि मोठी माणसं आमच्याशी बोलेनाशी झाली. आठ हजारांच्या आसपास माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली होती.

संध्याकाळी गल्लीतली पोरं चादरी गोळा करत आली. आईनं घरातली वापरलेली, पण धडकी अशी एक काढली. वडील तेव्हा गिरणीतून पाळी संपवून आले होते. त्यांनी ती आईच्या हातातून घेतली, पेटी उघडली आणि माझ्या आत्येबहिणीच्या लग्नात द्यायला ठेवलेली कोरी जेकॉर्डची चादर दिली. म्हणाले, "ज्याचं सगळं गेलं त्याला आपलं उष्टं द्यायचं नाही." आमच्या घरात तेव्हा पगाराच्या आदल्या आठवड्यात किराणा उधारीवर यायचा.

ती चादर वडिलांनी स्वतःच्या हातानं दिली. पण किल्लारी चादरींवर उभी राहिली नाही. पन्नासच्या वर गावं जागा बदलून नव्यानं वसवावी लागली, लाखो घरं दुरुस्त करावी लागली. त्यासाठी जागतिक बँकेनं साडेचोवीस कोटी डॉलरांच्या आसपास कर्ज दिलं, जवळपास बिनव्याजी, दीर्घ मुदतीचं. आणि हे कर्ज देणारी त्या बँकेची जी शाखा आहे, तिच्या तिजोरीत तेव्हा पैसा यायचा तो मुख्यतः श्रीमंत देशांच्या सरकारांकडून, म्हणजे तिथल्या लोकांच्या करातून. हे मला वाणिज्य शाखेत शिकताना कळलं, आणि तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. जपानातल्या कुठल्या कारखान्यातला कामगार, जर्मनीतली कुठली परिचारिका. त्यांना लातूर कुठे आहे ठाऊक नव्हतं. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्याही गावात कुणाची तरी दुरुस्ती, कुणाचं तरी पेन्शन अडलेलं असणारच. लोहारा, औसा, उमरगा या भागांतून जाताना एकसारख्या घरांची ती नवी गावं दिसतात, तेव्हा त्यातल्या काही विटा कुठल्या पैशाच्या, हे मला विसरता येत नाही.

हे मी घरी बोलले तेव्हा नवऱ्यानं मला अडवलं, आणि त्याचा मुद्दा मी मनापासून मानते. तो म्हणाला, "तुझ्या वडिलांनी स्वतःची चादर दिली. कर ही दिलेली वस्तू नाही, घेतलेली आहे. डॉक्टर कोटणीस बघ. ते गेले, पण सरकारच्या पैशावर नाही."

सोलापूरच्या माणसाशी या विषयावर वाद घालताना कोटणीस येणारच. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं आता स्मारक आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा मुलगा मुंबईत डॉक्टर झाला आणि १९३८ साली, जपाननं चीनवर हल्ला केल्यावर, पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून तिकडे गेला. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केलं, देशभर वर्गणी झाली, २२ हजार रुपये जमले. पारतंत्र्यातल्या, स्वतःच उपाशी असलेल्या देशानं ते जमवले. बाकीचे चौघे परत आले. कोटणीस राहिले, तिथेच लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले.

वर्गणी ही मनापासून दिलेली असते, हे खरं. ज्याला द्यायचं त्यानं द्यावं, ज्याला नाही त्यानं नाही. मग कर कशाला? याचं उत्तर मला आत्याच्या बोटीत सापडलं. ती बोट वर्गणीनं येऊ शकली नसती. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा पावतीपुस्तक छापून, गल्लोगल्ली फिरून, मग बोट विकत घ्यायची म्हटलं असतं तर आत्या आज नसती. २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला, २००६ मध्ये एनडीआरएफ उभं राहिलं, पुण्याजवळ सुदुंबरेला त्यांची तुकडी असते. पूर येवो न येवो, ती पोरं रोज सराव करतात. त्यांचा तो रिकामा वाटणारा दिवसन्‌दिवसचा सराव करातून होतो. ढिगाऱ्याखालच्या माणसाला पहिले दोन-तीन दिवसच असतात. तेवढ्यात पोहोचायचं तर माणसं, कुत्री, काँक्रीट कापायची यंत्रं, विमान, सगळं आधीच तयार लागतं. ते फक्त राज्यसत्तेकडे असतं. शेजारच्या देशात घरं कोसळलेली असताना ते सगळं आपल्याकडे कुलपात ठेवायचं, कारण ते आपल्या कराचं आहे, हे मला पटत नाही. आणि याच दलानं २०११ मध्ये जपानच्या त्सुनामीत, २०१५ मध्ये नेपाळात, २०२३ मध्ये तुर्कस्तानात जे काम केलं, ते अनुभव घेऊनच ते परत आलं. आत्याला उचलणारे हात त्यातलेच होते की नाही, मला माहीत करून घ्यायचं नाही. दल तेच होतं.

तुर्कस्तानचं नाव काढलं की मात्र बोलणं तापतं. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात तिथे पन्नास हजारांवर माणसं गेली. आपण 'ऑपरेशन दोस्त' पाठवलं. नुरदागी या गावात आपल्या जवानांनी ढिगाऱ्यातून सहा वर्षांची मुलगी जिवंत काढली. लष्कराच्या रुग्णालयानं इस्केंदरूनमध्ये साडेतीन हजारांहून अधिक लोकांवर उपचार केले. आणि २०२५ च्या मे महिन्यात, आपला पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा तुर्कस्तान उघडपणे त्यांच्या बाजूनं राहिला. पुण्याच्या बाजारात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घ्यायची बंद केली. 'दोस्त' म्हणून गेलो त्याचं हे फळ, असं माझ्या ओळखीतला प्रत्येकजण म्हणाला. मलाही चीड आली होती. सफरचंदं बंद केली ते योग्यच, असं मला आजही वाटतं. व्यापार हा मैत्रीवर चालतो, शत्रूच्या मित्राकडून माल घेऊ नये.

पण त्या मुलीला वाचवलं ते चुकलं, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. आणि इथे मला पुन्हा भैय्या चौक दिसतो. १९६२ मध्ये त्याच चीननं आपल्यावर हल्ला केला. २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले. सोलापूरनं चिनी मालाला शिव्या दिल्या असतील, पण कोटणीसांनी चूक केली असं या शहरात मी एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही. त्यांचा अभिमान एका इंचानंही उणा झाला नाही. त्यांनी ज्यांच्या जखमा बांधल्या, ती माणसं होती आणि त्यांना जखमा होत्या, एवढंच सोलापूरला पुरलं. मग तुर्कस्तानच्या त्या मुलीसाठी वेगळा न्याय कुठून आणायचा?

आमच्याकडे कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी, भावकी पिठलं-भाकरी घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. माझे वडील २०१४ ला गेले. चुलत्याशी आमचा बांधावरून वीस वर्षांचा वाद, कोर्टात केस, लग्नकार्यात एकमेकांकडे पाठ. तो मातीला आला. खांदा दिला, संध्याकाळी त्याच्या घरून भाकरीचं टोपलं आलं. पुढच्या महिन्यात कोर्टात तारखेला तो पुन्हा समोर उभा होता, आणि त्यात कुणालाच काही विचित्र वाटलं नाही. आत्या तेव्हा म्हणाली होती, लग्नाला बोलावल्याबिगर जाऊ नये अन् मातीला बोलावण्याची वाट बघू नये. त्या टोपल्यानं केस मिटावी, अशी चुलत्याची अपेक्षा नव्हती. आमचीही नव्हती. सरकारं मदतीच्या पेट्यांवर झेंडे चिकटवतात आणि त्या बदल्यात मैत्रीचा हिशोब मांडतात, तिथेच खरं तर आपल्यासारख्या माणसाच्या मनात 'काय मिळालं' हा प्रश्न पेरला जातो. कर्ज देऊन त्याला मदत म्हणणं, पूल बांधायचा करार आणि बुडालेल्याला दिलेला हात एकाच यादीत घालणं, हे मला खटकतं. कोणत्या देशाला, कोणत्या आपत्तीत, किती रुपयांचं काय दिलं आणि ते पोहोचलं का, हे साध्या मराठीत एका कागदावर मिळालं पाहिजे. अक्कांनाही वाचून दाखवता येईल असं.

आणि घ्यायलाही आलं पाहिजे. २००४ च्या त्सुनामीनंतर परदेशी सरकारांची मदत घ्यायची नाही, असं आपण ठरवलं. आपली जहाजं श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाकडे गेली, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. २०१८ च्या केरळच्या पुरातही आपण तेच धोरण ठेवलं. मग २०२१ चा एप्रिल-मे आला. सोलापुरात ऑक्सिजनसाठी माणसं रात्र-रात्र वणवण करत होती, माझ्या दोन अशिलांची कुटुंबं त्या तीन आठवड्यांत निम्मी झाली. तेव्हा आपण चाळीसच्या वर देशांची मदत घेतली. केनियानं १२ टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे पाठवले. त्यावर इथे लोक हसले. केनियाकडून घ्यायची वेळ आली म्हणे. मला त्या हसण्यानं जेवढं लाजवलं तेवढं कशानंच नाही. त्यांच्या मळ्यात जे पिकतं ते त्यांनी दिलं. तो कडू घासच होता.

मागच्या रविवारी पुन्हा गावी गेले. विहिरीचा अर्ज लिहायचा होता. गाळानं भरलेल्या विहिरीला ३० हजार जाहीर झाले होते, पण नोंदच नाही तर पैसे कसे येणार. ओसरीवर बसून दादा सांगत होता, मी लिहीत होते. त्याच्या मनात अजून ते जहाज होतं. तो म्हणाला, लिही, परदेशाला द्यायला सरकारकडं पैसा हाय, तर आम्हाला का न्हाई. मी तसंच लिहिलं. त्याचा अर्ज, त्याचे शब्द. पाठवायचे तंबू जेवढ्या घाईनं पाठवता, तेवढ्याच घाईनं आमचा पंचनामा करा, हेही त्यानं घालायला लावलं, आणि ते मला सोळा आणे पटलं.

लिहून झाल्यावर मी सगळा अर्ज मोठ्यानं वाचला. आत्या उंबऱ्यात लसूण सोलत होती. परदेशाची ओळ आली तशी तिनं मान वर केली.

"त्या लंकेच्या बायकास्नी बोटीत कुणी घेतलं मग?" तिनं विचारलं.

दादा काही बोलला नाही. बराच वेळ तो समोरच्या मुरमाकडं बघत बसला. मग माझ्या हातातून पेन घेऊन त्यानं ती एक ओळ खोडली. पंचनाम्याच्या घाईची तेवढी ठेवली.

"आता नीट मापं लिही," तो म्हणाला. "खोली पन्नास फूट. रुंदी बावीस. बांधकाम दगडी, आज्याच्या काळातलं. पूर्ण गाळानं भरलेली. मोटर आत."